नव्या भाताची चिठ्ठी

मी हे लिहावं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कॉलेजच्या अंकासाठी "आपल्या घराविषयी काहीही लिहा" असं मॅडमनी सांगितलं, तेव्हा वर्गात सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली, पण माझं कारण वेगळं होतं. परीक्षेचे पेपर सोडले तर मी मनापासून लिहिलेली शेवटची गोष्ट म्हणजे चौथीत असताना लिहिलेली एक चिठ्ठी. दोनच ओळींची. ती मोठ्यानं वाचली गेली आणि त्याच दिवशी माझी ताई घर सोडून गेली. त्यानंतर मी कागदावर स्वतःचं असं काही उतरवलं नाही. तेव्हा कुठं चुकलं, कुठं जास्त बोललो, तर वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

आणखी एक सांगून ठेवतो. आम्ही विश्वासी आहोत, म्हणजे ख्रिस्ती. आमचं मूळ घर डोंगराकडच्या पाड्यावर, आणि तिथली माणसं अजून जुने देव पुजतात. आमच्यासारख्यांविषयी बोलणारे लोक दोन्ही बाजूंनी जोरात बोलतात. मला तसं बोलता येत नाही. मी फक्त आमच्या घरात काय झालं ते सांगू शकतो, आणि तेही पूर्ण मला याच वर्षी कळलं.

बा पहिल्यांदा भिवंडीत लूमवर कामाला होता. ताईनंतर झालेला एक मुलगा चार महिन्यांचा होऊन गेला. तेव्हा बा खूप प्यायचा. त्याच्या शिफ्टमधल्या एका माणसानं त्याला प्रार्थनेला नेलं. तिथं कुणी त्याला काही विचारलं नाही, नुसतं शेजारी बसू दिलं, असं बा सांगतो. त्या वर्षी त्यानं दारू सोडली. पुढच्या वर्षी घरातला देव उचलला. तो देव म्हणजे तांदळाच्या टोपलीत ठेवलेला, आजाच्या आजापासून चालत आलेला. पास्टर म्हणाले होते, खाडीत सोडून द्या. बाच्यानं ते झालं नाही. त्यानं टोपली डोक्यावर घेतली आणि आम्ही राहतो त्या खारबावपासून पाड्यापर्यंत चालत जाऊन आजाच्या ओटीवर उतरवली. आजानं टोपलीकडं बघितलं, मग बाकडं. म्हणाला, "देव ऱ्हाईल माझ्याकडं. त्याला काय, कुठं बी बसतो. तू बी कवातरी ऱ्हायला येत जा." ही गोष्ट आय अजून हसत सांगते.

बानं आम्हाला ज्या तऱ्हेनं वाढवलं, ती एका नियमावर उभी होती. संध्याकाळी ताटं वाढली की प्रत्येकानं शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक वचन म्हणायचं, मग हात लावायचा. ज्याला वचन येत नाही त्यानं भातासमोर बसून राहायचं, आठवेपर्यंत. बा रागवायचा नाही. तोही हात न लावता थांबायचा. "भात कुठं जात न्हाय," म्हणायचा. आय रोज तेच म्हणायची, शास्त्रातलं सगळ्यात लहान, दोन शब्दांचं. ताई तिला चिडवायची, "आय, देव पण कंटाळला असेल." आय म्हणायची, "मला भाजी गरम लागते. तुमचा देव माझी घाई ओळखतो."

बाला वाचता येत नाही. आयला येत नाही. घरात वाचणारी एक ताईच. जेवणाआधी ती शास्त्रातला एक भाग वाचायची, ओळीखाली बोट सरकवत. तिला जमत नव्हतं म्हणून नाही, तर बाला कळावं म्हणून. बा तिच्या बोटाकडं बघत बसायचा, जसं काही ते बोटच बोलतंय. त्याच बोटानं तिनं मला अक्षरं शिकवली. जेवणानंतर बा प्रार्थना करायचा आणि प्रत्येकाचं नाव घ्यायचा. आयचं, मग ताईचं, मग माझं, आणि पुढं धाकटा झाला तेव्हा त्याचं. मला त्या क्रमाची इतकी सवय होती की ताईचं नाव आलं की मी डोळे अजून घट्ट मिटायचो, कारण पुढचा नंबर माझा.

आजाकडं जायला आम्हाला बंदी नव्हती. बा म्हणायचा, आईबापाला मान द्यायचा हे शास्त्रातच हाय. एकच गोष्ट करायची नाही. देवापुढं ठेवलेलं खायचं नाही. आणि नेमकं दिवाळीच्या आधी आजाकडं नवं खायचा दिवस असायचा. शेतातला नवा भात पहिल्यांदा देवाला आणि मेलेल्या वाडवडलांना दाखवायचा, त्याशिवाय घरात कुणी त्याचा दाणाही तोंडात घालायचा नाही. मग सगळे सागाच्या पानावर जेवायचे. त्या दिवशी आजा आम्हा दोघांसाठी दुकानातून पाव आणून ठेवायचा. "तुमच्या बाचा देव पावाला काय बोलत न्हाय ना," असं विचारायचा, अगदी खरंच विचारल्यासारखं.

त्या वर्षी ताई सोळा वर्षांची होती आणि मी दहाचा. आजी जाऊन थोडेच महिने झाले होते. मेलेल्यांच्या पानांत त्या वर्षी आजीचं पान नवीन होतं. आजानं भात ठेवला आणि त्या पानापाशीच खाली बसला. ताई पुढं झाली, तिनं उरलेला भात वाढला, आणि सगळे बसले तेव्हा तीही पानावर बसली. आजा म्हणाला, "बाय, तुझा पाव आत हाय." ती म्हणाली, "असू दे, आजा." आणि जेवली. मी तिच्याकडं बघत होतो. तिनं तिच्या पानातला एक घास माझ्यापुढं केला. मी खाल्ला. तो भात चिकट आणि गोड लागतो, त्याला वासच वेगळा असतो. मी अजून दोन घास मागून घेतले. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तेव्हा लिहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी संडे स्कूलमध्ये नरकाविषयी शिकवलं. शिकवणाऱ्या सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांनी फार काही सांगितलंही नाही, पण मला त्या आठवड्यात झोप लागेना. आमच्या मंडळीत एक पद्धत होती. पत्र्याच्या हॉलच्या दाराशी बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवलेला असायचा. ज्याला कुणासाठी प्रार्थना हवी असेल त्यानं चिठ्ठी लिहून टाकायची, नाव लिहायची गरज नाही. उपासनेच्या शेवटी पास्टर ती वाचायचे आणि सगळे मिळून प्रार्थना करायचे. कुणाचं ऑपरेशन, कुणाचा नवरा गावाहून परत येत नाही, अशा गोष्टी. मला वाटलं, एवढी माणसं एकदम प्रार्थना करतील तर ताई वाचेल. मी वहीचं पान फाडलं आणि पेन्सिलनं लिहिलं. स्वतःविषयी लिहायला हात धजला नाही. मी मनात म्हटलं, ती वाचली की तिच्याबरोबर मीही वाचेन.

पास्टर चिठ्ठ्या कधी शब्दाला शब्द वाचत नसत. सारांश सांगायचे. त्या दिवशी त्यांनी चिठ्ठी उघडली, जरा थांबले आणि म्हणाले, "आपल्या एका ब्रदरच्या मोठ्या मुलीसाठी विनंती आहे. आजोबांकडे मूर्तीपुढचा नैवेद्य तिच्या खाण्यात आला आहे. आपण तिला प्रभूजवळ नेऊ." मंडळीत आजोबा पाड्यावर असणारं घर आमचं एकच होतं. चाळीस माणसं डोळे मिटून बोलू लागली. मी डोळे उघडे ठेवले. ताई दोन रांगा पुढं बायकांत बसली होती. तिची मान ताठ होती. बाचे कान लाल झाले होते.

उपासना सुटल्यावर बानं पास्टरांकडून ती चिठ्ठी मागून घेतली. ते द्यायला तयार नव्हते, पण बानं हात मागं घेतला नाही. घरी आल्यावर बानं धाकट्याला माझ्या कडेवर दिलं आणि म्हणाला, "याला पंपावर ने." धाकटा तेव्हा वर्षाचा होता. पंपाच्या कठड्यावर मी बसून राहिलो. दोन बाया पाणी भरून गेल्या. एकीनं विचारलं, "काय रे, घरात पाव्हणं आलंत काय?" मी हो म्हटलं.

परत आलो तेव्हा ताई ओढणीत कपडे बांधत होती. आय चुलीपुढं बसली होती आणि चूल पेटलेली नव्हती. बा दारात, पाठ करून. आत काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मी फक्त शेवटचं ऐकलं. बा म्हणाला, "मग तिथंच खा." आवाज चढवून नाही, जेवायला बसताना बोलतो तसाच. ताई माझ्याजवळून गेली. धाकट्याच्या गालाला तिनं हात लावला आणि मला म्हणाली, "रोज वाच. अडलास तर बोट ठेव आणि हळू वाच." आणि गेली.

त्या संध्याकाळी ताटं वाढली गेली. बानं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. मी बोट ठेवलं आणि वाचायला लागलो, आणि मला माझ्या आवाजात तिचा आवाज ऐकू आला. मी काही गोष्ट रंगवून सांगत नाही. मी तिच्याकडूनच शिकलो होतो, त्यामुळं जिथं ती श्वास घ्यायची तिथंच मी घ्यायचो. नंतर बानं प्रार्थना केली. आयचं नाव घेतलं. मग थांबला. एक नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग माझं नाव घेतलं.

हे नऊ वर्षं चाललं. रोज. त्या थांबण्यात मला घरातले सगळे आवाज ऐकू यायचे, भांड्यावरचं झाकण, बाहेरून गेलेला टेम्पो, धाकट्याचं नाक. मला वाटायचं बा ती जागा माझ्यासाठी मोकळी ठेवतो. ताईनं ती चिठ्ठी वाचलीच असणार, अक्षर ओळखलंच असणार, बाला सांगितलंच असणार. बाला ठाऊक असेल तर तो मला काही बोलत का नाही? त्याला वाटत असेल का की मी बरोबर केलं? मंडळीत लोक बाला म्हणायचे, तुमचा मुलगा काय छान वाचतो. बा गोदामात हमाली करतो, तिथल्या माणसांनाही तो हिंदीत सांगायचा, "हमारा लडका रोज वचन पढता है, एक दिन नहीं छोडा." मी ऐकायचो आणि कुठं बघावं ते मला कळायचं नाही. विचारायचं धाडस मला झालं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

ताई आजाकडंच राहिली. पूर्णा गावच्या गोदामात पॅकिंगला लागली. कंपनीची बस पाड्याखालच्या रस्त्यावरून बायकांना घ्यायची. आय बाजाराच्या दिवशी तिला भेटायची आणि बाला सांगायची नाही, आणि बा विचारायचा नाही, पण त्या दिवशी बाजाराच्या पिशवीत वाल किंवा करांद्याचे कंद निघाले की तो ते जास्त खायचा, कारण ते पाड्यावरचे असायचे. मी आयबरोबर कधी गेलो नाही. बारावीत असताना एकदा रस्ता जाम होता म्हणून रिक्षावाल्यानं पूर्णाकडून गाडी घातली. एका गेटपुढं बायकांची रांग होती, गळ्यात कार्डं. ताई रांगेत होती. शेजारणीला काही सांगत होती आणि बोलताना बोट हवेत सरकवत होती, डावीकडून उजवीकडं. रिक्षा दोन मिनिटं तिथंच उभी होती. उतरायला दोन मिनिटं खूप झाली असती.

आता या वर्षीचं.

धाकटा आता दहाचा आहे. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी तो ताटं वाढायच्या वेळी वही घेऊन बसला होता. मी विचारलं, काय लिहितोस. म्हणाला, "डब्यात टाकायला चिठ्ठी." आयनं विचारलं, "कुणासाठी रे?" तो म्हणाला, "गणिताच्या बाईंसाठी. त्यांची बदली होऊ दे." आय पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. बा हसला नाही. त्यानं धाकट्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. हळूच, पण काढून घेतली.

"कागदावर न्हाय," बा म्हणाला. "मनात सांग."

"सगळे टाकतात बा."

"टाकू दे. आपल्या घरातनं एक गेलीय, बास झालं."

नऊ वर्षांत बानं तिच्याविषयी काढलेला तो पहिला शब्द होता. मग त्यानं शास्त्राच्या कव्हरची चेन उघडली, आतल्या कप्प्यातून प्लास्टिकची लहान पिशवी काढली आणि तीतून घडी केलेला कागद. मी रोज ते पुस्तक हातात घेत होतो. तो कप्पा कधी उघडला नव्हता.

"तुझ्या ताईचं अक्षर हाय," बा मला म्हणाला. "तिनं सोताच प्रार्थना मागितली व्हती. सोताच्या हातानं लिवून. मी म्हटलं, लिवलंस ना, मग रविवारी उभी ऱ्हाऊन तोंडानं बी सांग. ती न्हाय म्हणाली. म्हणाली, आजीच्या नावाचा भात वाईट व्हता असं मी सांगणार न्हाय. मला राग आला. पोरीनं प्रार्थना मागितली आन मी तिला काय दिलं? तवापासून तिचं नाव मी मोठ्यानं घेत न्हाय. एकदा मंडळीत मोठ्यानं निघालं आन ती गेली. मी मनात घेतो." त्यानं कागद पुढं केला. "वाच. लई दिस झाले, परत ऐकलं न्हाय."

मी घडी उघडली. चौथीतल्या वहीच्या रेघा. पेन्सिल पुसट झाली होती, पण अक्षरं मोठी होती, एकेक ओळीच्या वर चढलेलं. मी सवयीनं बोट ठेवलं.

"माझी ताई," मी वाचलं.

"न्हाय," बा म्हणाला. "तसं न्हाय. 'मी' हाय तिथं." आणि डोळे मिटून त्यानं ते म्हटलं, वचन म्हणतात तसं, एकही शब्द न चुकता. "मी आजाकडं नवा भात खाल्ला. माझ्यासाठी प्रार्थना करा."

मी कागदाकडं बघत राहिलो. त्या दिवशी बानं तो तिच्या हातात दिला असणार आणि म्हणाला असणार, वाच. घरात वाचणारी तीच होती. तिनं माझं अक्षर बघितलं, आणि बाला जे वाचून दाखवलं ते कागदावर नव्हतं.

"बा," मी म्हटलं, "हे माझं अक्षर आहे. इथं लिहिलंय, माझी ताई आजाकडे देवापुढचा नवा भात जेवली, ती नरकात जाऊ नये म्हणून प्रार्थना करा. आणि मीपण खाल्ला होता. ते मी लिहिलं नाही."

मग आय म्हणाली, "त्या दिशी तिनं बोट न ठेवता वाचलं व्हतं."

बानं तिच्याकडं बघितलं. "तुला ठाऊक व्हतं?"

"अक्षर मला बी येत न्हाय. पर पोर कशी वाचते ते ठाऊक हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला कुणी इचारलं? पोरीला एकदा बाजारात इचारलं, तर म्हणाली, आय, तो ल्हान हाय, राहू दे."

बानं हात पुढं केला. मी कागद दिला. त्यानं तो पुन्हा तसाच घडी केला, पिशवीत घातला, कप्प्यात ठेवला, चेन लावली. त्याची बोटं हमालाची, जाड, चेन दोनदा अडकली. त्या संध्याकाळी आम्ही वचनं म्हटली आणि जेवलो. प्रार्थनेत तो नेहमीच्या जागी थांबला. पण त्या वेळी थांबणं लांबलं, एका नावापेक्षा खूप लांब, आणि धाकट्यानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. बा पुढं काही बोललाच नाही. माझं नाव त्या दिवशी आलं नाही.

रविवारी सकाळी उठलो तर बा घरात नव्हता. शास्त्रही नव्हतं. आयनं मला शर्ट काढून दिला. आम्ही तिघं उपासनेला गेलो. बाची जागा पुरुषांच्या पहिल्या रांगेत भिंतीकडं असते. ती मोकळी होती. त्या दिवशी आजाकडं नवं खायचा दिवस होता, हे मला दुसऱ्या गाण्याच्या वेळी आठवलं.

उपासना सुटून आम्ही चपला घालत होतो तेव्हा आयचा फोन वाजला. तिनं ऐकलं आणि फोन माझ्या कानाला लावला. आजा होता. फोनवर तो नेहमी डोंगरावरून हाक मारल्यासारखा बोलतो.

"पोऱ्या, तुझा बा इथं आलाय," तो म्हणाला. "सकाळपासनं ओटीवर बसलाय. त्याच्यासाठी जुना तांदूळ येगळा शिजवलाय, तुझ्या ताईनंच. देवापुढं न्हाय ठेवला, सांग तुझ्या आयला. ताट वाढलंय. ती त्याच्या समोर बसलीय. आता तुमचं ते वचन म्हणायचं असतंय ना, ते तिनं म्हटलं. चांगलं लांबलचक म्हटलं, इसरली न्हाय ती."

"आणि बा?" मी विचारलं.

"तुझ्या बाला येत न्हाय," आजा म्हणाला. "तोंड उघडतो आन मिटतो. तासभर झाला. ती म्हणते, भात कुठं जात न्हाय. दोघं बी हात न लावता बसलेत."